शेख मिराची किल्ली : १७०७ सालचं बलाबल

(मानोरा इथे तरुण मुला-मुलींसमोर केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवून थोडं नीटनेटकं केलं आहे.)



मागच्या खेपेला मी मानोऱ्यात आलो होतो ते शिष्यवृत्तीचे फॉर्म कसे भरायचे हे सांगायला. ते झालं, निघालो, चप्पल घालत होतो, तर एका मुलानं अडवलं. तो आज इथेच बसलाय, नाव घेत नाही, लाजेल. म्हणाला, "सर, एक पूछना था. मराठों की लड़ाइयों में अपन किसके साथ थे?"

मी त्याला म्हटलं, पुढच्या वेळी सांगतो. शिक्षकाला उत्तर येत नसलं की तो असंच म्हणतो. पण घरी मंगरुळपीरला जाईपर्यंत गाडीत तो प्रश्न डोक्यात राहिला. कारण तोच प्रश्न मला सातवीत असताना एका वेगळ्या तऱ्हेनं विचारला गेला होता. ते पुढे सांगतो.

आज मी त्याला एकाच लढाईतून उत्तर देणार आहे. मुद्दाम अशी लढाई निवडली आहे जिच्यात दोन्ही बाजूंना मराठेच आहेत. एकाच घरातले, एकाच देव्हाऱ्याचे. काकू आणि पुतण्या. महाराणी ताराबाई आणि शाहू महाराज. साल १७०७. आणि त्यातही मी फक्त पहिले सात-आठ महिने घेणार आहे, कारण यादवीत, म्हणजे घरातल्या युद्धात, सगळ्यात शिकण्यासारखा काळ तोच असतो. कोण जिंकणार हे तेव्हा कुणालाच ठाऊक नसतं आणि तरी प्रत्येकाला बाजू घ्यावीच लागते.

तुम्ही ग्रामपंचायतीची निवडणूक पाहिली आहे ना? दोन पॅनेल उभी राहतात. रात्री पारावर बसून माणसं मोजतात. हा वॉर्ड आपला, ती गल्ली त्यांची, अमक्या घरची अकरा मतं पक्की. आणि सकाळी ती अकरा मतं दुसऱ्याच्या गाडीतून उतरतात. मोजणारा मूर्ख नसतो. त्याने माणसं बरोबर मोजलेली असतात, पण ती त्याच्याकडे कशाच्या बळावर आहेत हे मोजलेलं नसतं. मला आज तेवढंच दाखवायचं आहे.

आता प्रसंग. ३ मार्च १७०७ ला अहमदनगरजवळ भिंगारला औरंगजेब वारला. वय अठ्ठ्याऐंशी. शेवटची पंचवीसेक वर्षं तो दख्खनेतच होता, मराठ्यांशी लढत. तो गेल्याबरोबर त्याच्या मुलांमध्येच तख्तासाठी युद्ध सुरू झालं. मधला मुलगा आझमशाह छावणी घेऊन घाईघाईनं उत्तरेकडे निघाला. त्या छावणीत एक कैदी होता. पंचवीस वर्षांचा. सात वर्षांचा असताना, १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा, आईबरोबर पकडला गेलेला. संभाजी महाराजांचा मुलगा, शिवाजी महाराजांचा नातू, शाहू.

झुल्फिकार खान नावाचा मोठा मोगल सरदार आझमशाहाला म्हणाला की याला सोडून द्या. हा घरी गेला की तिकडे दोन वारस होतील, ते आपसात लढतील, आपली पाठ मोकळी राहील. आझमला पटलं. मे महिन्यात भोपाळजवळ दोराहा इथून शाहू दक्षिणेकडे निघाले. आई येसूबाई, बायको, सावत्र भाऊ मदनसिंग मात्र मोगलांकडे ओलीस राहिले. येसूबाई परत आल्या त्या १७१९ मध्ये. बारा वर्षांनी. हे लक्षात ठेवा, पुढे दुसऱ्या एका ओलिसांची गोष्ट येणार आहे.

तर आता आपण बलाबल मांडू. दिवस धरा १७०७ चा पावसाळा. पुढे काय झालं ते विसरा.

ताराबाईंच्या बाजूला काय आहे? सगळंच आहे. १७०० मध्ये राजाराम महाराज वारले तेव्हा त्या पंचवीस वर्षांच्या होत्या. हंबीरराव मोहित्यांची मुलगी, मांडीवर चार वर्षांचा मुलगा, आणि समोर हिंदुस्थानचा बादशहा जातीनं लढायला उतरलेला. सात वर्षं त्यांनी ते युद्ध चालवलं. औरंगजेब एक किल्ला घ्यायचा, पुढच्या किल्ल्याकडे वळायचा, तोवर मागचा हातचा जायचा. आणि तो किल्ल्यांना वेढे घालत बसलेला असताना मराठ्यांच्या फौजा माळव्यात, गुजरातेत शिरत होत्या. खाफीखान हा मोगलांच्या बाजूचा इतिहासकार, मराठ्यांवर त्याचं काही प्रेम नव्हतं, तरी ताराबाईंची हुशारी आणि कारभाराची, लष्कराची जाण त्याने मान्य केली आहे. शत्रूच्या दरबारातून मिळालेलं प्रमाणपत्र सहसा खोटं नसतं.

आझम उत्तरेला गेल्यावर तर ताराबाईंच्या माणसांनी किल्ल्यांमागून किल्ले परत घेतले. सातारा घेतला. त्या किल्ल्याला औरंगजेबानं आझमतारा नाव दिलं होतं, याच आझमशाहाच्या नावावरून. म्हणजे १७०७ च्या मध्याला त्यांच्याकडे किल्ले आहेत, खजिना आहे, मोडी लिहिणारे कारकून आहेत, शिक्का आहे. परशुराम त्रिंबक प्रतिनिधी आहेत, रामचंद्रपंत अमात्य आहेत, शंकराजी नारायण सचिव आहेत. सेनापती धनाजी जाधव आहेत, आपल्या इकडच्या सिंदखेडच्या जाधवांच्या कुळातले. कोकणच्या किनाऱ्यावर कान्होजी आंग्रे आहेत.

आणि त्यांच्याकडे एक मुद्दाही आहे, तो साधा नव्हता. त्यांचं म्हणणं असं की संभाजी महाराजांच्या काळातलं राज्य गेलं. राजधानी गेली, राजा गेला. त्यानंतर जे उभं राहिलं ते राजाराम महाराजांनी आणि आम्ही कमावलं. तेव्हा ते माझ्या मुलाचं आहे. अठरा वर्षं बादशहाच्या छावणीत वाढलेल्या, बादशहाच्या मुलानं सोडून दिलेल्या माणसाला हे आयतं कशासाठी द्यायचं? आणि तो येतोय तो मोगलांचा मांडलिक म्हणून. सात वर्षं आपण कुणाशी लढलो?

मला विचाराल तर वर्गात वादविवाद ठेवला तर या मुद्द्यावर ताराबाईच जिंकतील. आपल्याकडे त्यांची गोष्ट हट्टी बाईची गोष्ट म्हणून सांगितली जाते, ते मला कधीच पटलं नाही. पुरुषाने असाच हक्क सांगितला तर त्याला आपण महत्त्वाकांक्षा म्हणतो.

आता शाहूंकडे या. फौज नाही. पैसा नाही. एकही किल्ला नाही. लढाईचा अनुभव नाही, कारण सबंध तरुणपण कैदेत गेलेलं. मुलूख ओळखीचा नाही, माणसं ओळखीची नाहीत. आई शत्रूच्या ताब्यात. ज्या आझमशाहाने चौथाई-सरदेशमुखीचा शब्द दिला, तो जूनमध्ये आग्र्याजवळ जाजूच्या लढाईत भावाच्या फौजेकडून मारला गेला. म्हणजे शब्द देणाराच राहिला नाही. आणि वर ताराबाईंनी उठवलं की हा शाहू नव्हेच, तोतया आहे. सात वर्षांचं पोर पंचविशीत परत आलं तर ओळखायचं कुणी? तेव्हा आधार कार्ड नव्हतं. होतं तरी आपल्याला ठाऊक आहे नावातल्या एका अक्षरावरून काय काय अडतं.

कागदावर हा सामना होऊच शकत नाही. पण १२ जानेवारी १७०८ ला साताऱ्यात शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला. दोराह्याहून निघाल्यापासून आठ महिन्यांत.

हे कसं झालं, याचं नेहमीचं उत्तर म्हणजे ताराबाईंचे सरदार फितले. ते उत्तर म्हणजे पारावरच्या मोजणाऱ्यासारखं. अकरा मतं गेली, कारण ती माणसंच बेइमान. जरा खोल जाऊ.

राजाराम महाराजांच्या काळापासून लढाईची पद्धत बदलली होती. मध्यवर्ती खजिना उरला नव्हता. मग सरदारांना सांगितलं, तुम्ही आपापली फौज उभी करा, मोगलांच्या मुलखातून वसूल करा, जो भाग जिंकाल त्यातून तुम्हाला सरंजाम देऊ, वतन देऊ. औरंगजेबाला हरवायला ही पद्धत अफाट उपयोगी पडली, कारण एक डोकं तोडलं तरी दहा उरायची. पण तिचा दुसरा अर्थ असा की शिपायाला पगार सरदाराकडून मिळतो, राणीकडून नाही. फौज धनाजींची, फौज परसोजींची, फौज नेमाजींची. ताराबाईंच्या यादीत जे बळ दिसतं, त्यातलं बरंचसं उसनं आहे. बाहेरचा शत्रू समोर होता तोवर ते उसनं आहे हे कळलं नाही. शत्रू उठून उत्तरेला गेला, आणि कळलं.

दुसरी बाजू बघा. शाहूंना येऊन पहिल्यांदा मिळालं कोण? साताऱ्याचं कुणी नाही, पुण्याचं कुणी नाही. नर्मदेच्या या अंगाला, खानदेशात, लांबकानीच्या मुक्कामी, वऱ्हाड-गोंडवनात मोहिमा करणारे परसोजी भोसले आले, म्हणजे पुढच्या नागपूरकर भोसल्यांचे मूळपुरुष. नेमाजी शिंदे, हैबतराव निंबाळकर असे सरदार आले. ही सगळी उत्तरेच्या कडेची माणसं. किल्ल्यांच्या राजकारणापासून लांब, दरबारात यांची बाजू मांडणारं फारसं कुणी नाही. ताराबाईंकडे जागा भरलेल्या होत्या. प्रतिनिधी आहेत, अमात्य आहेत, सचिव आहेत. तिथे परसोजी गेले असते तर मागच्या रांगेत. शाहूंकडे सगळ्या खुर्च्या रिकाम्या. जो पहिला येईल तो पहिला मोठा.

म्हणजे त्यांचं काही नसणं हेच त्यांच्या कामी आलं. त्यांच्याकडे कुणाचा जुना हिशेब नव्हता, कुणावर राग नव्हता, कुणी लाडका नव्हता. प्रत्येक सरदाराला त्यांच्याजवळ आपल्यासाठी जागा दिसत होती.

बखरीत सांगतात की तोतयाची कुजबूज वाढली तेव्हा परसोजींनी सगळ्यांदेखत शाहूंच्या ताटात जेवण केलं. आजच्या मुलांना यात काय मोठं वाटणार नाही, तुम्ही दोस्ताच्या डब्यात हात घालता. तेव्हाच्या मराठा सरदारासाठी एका ताटात जेवणं म्हणजे कुळाची शपथ. अशाने जेवढी शंका मिटली तेवढी दहा पत्रांनी मिटली नसती.

इथे एक आडवळण घेतो, माफ करा, पण मानोऱ्यात बसून ते न घेणं बरं दिसणार नाही. सरदारांची नावं आपण घेतो. त्या फौजा खायच्या काय? त्या काळी दख्खनेतल्या मोठ्या फौजांना धान्य पुरवायचे ते बहुतांशी बंजारे. हजारो बैलांचे तांडे, पाठीवर गोण्या, मीठ आणि धान्य घेऊन या छावणीतून त्या छावणीत. तांडा आला नाही तर घोडदळ आठ दिवसांत उपाशी. पोहरादेवी आपल्याच तालुक्यात आहे, तुमच्या वर्गात राठोड, चव्हाण, जाधव, पवार नावाची मुलं आहेत. त्यांच्या पणजोबांचं नाव कुठल्याच बखरीत नाही, पण त्यांच्या बैलांशिवाय यातली एक लढाई झाली नसती. "अपन किसके साथ थे" हा प्रश्न त्यांनाही विचारता येईल, आणि उत्तर असेल, जो दाम देत होता त्याच्या.

बरं. परत शाहूंकडे. त्यांनी वाटेत दोन गोष्टी केल्या. खुलताबादला जाऊन औरंगजेबाच्या कबरीचं दर्शन घेतलं. ज्याने बापाला हालहाल करून मारलं, त्याची कबर. यावर आज कुणी काय म्हणेल ते मी सांगायची गरज नाही. पण राजकारण म्हणून बघा. दख्खनेतल्या मोगल अंमलदारांना संदेश गेला की हा माणूस आपल्याशी लढायला आलेला नाही. त्यांची वाट कुणी अडवली नाही. त्यात छावणीत मिळालेल्या वागणुकीचा, औरंगजेबाची मुलगी झीनतुन्निसा हिने मायलेकरांना लावलेल्या मायेचाही भाग असेल. माणसाच्या मनात दोन्ही गोष्टी असतात.

दुसरी गोष्ट पारद गावची. तिथल्या पाटलाने गढीतून शाहूंच्या लोकांवर हल्ला केला, लढाईत तो मारला गेला. त्याच्या विधवेने आपलं तान्हं पोर आणून शाहूंच्या पुढे टाकलं. शाहूंनी ते पोर उचललं, पहिली फत्ते झाली म्हणून नाव ठेवलं फत्तेसिंग, आणि मुलासारखं वाढवलं. अक्कलकोटचं संस्थान त्याचं. हेही ध्यानात ठेवा.

आता ताराबाईंनी काय केलं? सगळ्या मुख्य माणसांना बोलावून शपथ घ्यायला लावली. दूधभातावर हात ठेवून, की आम्ही तुमच्या मुलाशीच इमानी राहू. मला या सगळ्या काळातली ही सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. ज्याच्यावर विश्वास आहे त्याला कुणी शपथ घ्यायला लावत नाही. ज्या दिवशी शपथ मागितली त्या दिवशी सगळ्यांना कळलं की राणीला शंका आहे. आणि ज्यांनी घेतली त्यांनीही मनात ठरवलं असणार की हा खरा शाहू निघाला तर शपथ कुणाशी? कारण राजाराम महाराजांनी स्वतः पत्रात लिहिलं होतं की शाहू कधी तरी सुटून येईल, राज्य त्याचंच आहे, आपण सांभाळतोय. अमानत म्हणा. आपल्याला तो शब्द चटकन कळतो. ताराबाईंच्या बाजूची सगळ्यात मोठी खोट ही त्यांच्याच नवऱ्याच्या पत्रात होती.

१२ ऑक्टोबर १७०७ ला भीमेच्या काठी खेडला फौजा समोरासमोर आल्या. एकीकडे धनाजी आणि प्रतिनिधी, दुसरीकडे शाहू. प्रतिनिधी लढले. धनाजी बाजूला राहिले आणि मग शाहूंना येऊन मिळाले. आधी खंडो बल्लाळ चिटणीस शाहूंना बघून आले होते, हा खराच असं त्यांनी सांगितलं, धनाजींच्या पदरचे बाळाजी विश्वनाथही मधे होते. खंडो बल्लाळांचं काम बखरीत जरा जास्तच रंगवलेलं आहे असं मला वाटतं, कारण ती बखर लिहिली त्यांच्याच वंशातल्या मल्हार रामराव चिटणीसांनी, शंभर वर्षांनी. इतिहास वाचताना लिहिणाऱ्याचं आडनाव आधी वाचावं. आपलंही.

धनाजींना फितूर म्हणायचं का? ते शपथ मोडून गेले हे खरं. पण शंकराजी नारायण सचिवांचं बघा. त्यांनीही शपथ घेतली होती. शाहू समोर आले तेव्हा शपथ मोडवेना आणि खऱ्या धन्याविरुद्ध हत्यारही उचलवेना. त्यांनी स्वतःचा जीव दिला. एकाच कोड्याची ही दोन उत्तरं. यादवीत चांगल्या माणसाला चांगलं उत्तर मिळेलच असं नसतं.

आणि आता सातारा.

खेडहून निसटून प्रतिनिधी साताऱ्याच्या किल्ल्यात जाऊन बसले. किल्ला डोंगरावर, भक्कम. याच किल्ल्यानं औरंगजेबाला १७०० साली कित्येक महिने झुलवलं होतं. शाहूंकडे मोठ्या वेढ्याची तयारी नव्हती, वेळही नव्हता. वेढा लांबला असता तर ताराबाई पन्हाळ्याकडून फौज घेऊन आल्या असत्या, आणि जे नुकते येऊन मिळाले होते ते परत जाऊ शकले असते. सगळं बलाबल त्या एका दरवाजापाशी येऊन थांबलं होतं.

त्या किल्ल्याचा हवालदार होता शेख मिरा. ताराबाईंचा माणूस.

शिवाजी महाराजांनी घालून दिलेली किल्ल्याची पद्धत अशी होती की हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन अधिकारी नेमायचे, म्हणजे एकाच्या मनाने किल्ला जाऊ नये. किल्ल्या हवालदाराकडे. संध्याकाळी दरवाजा त्याच्या देखत बंद व्हायचा, सकाळी त्याच्या देखत उघडायचा. पश्चिम महाराष्ट्राच्या नाक्यावरच्या किल्ल्याची किल्ली १७०७ मध्ये एका मुसलमानाच्या कमरेला आहे, आणि त्या वेळच्या कुणालाच त्यात काही विशेष वाटलेलं नाही. विशेष आपल्याला वाटतं.

शेख मिराचं कुटुंब वाईला होतं. शाहूंनी ते पकडलं. निरोप धाडला, किल्ला द्या, नाहीतर बायकापोरांना तोफेच्या तोंडी देतो. शेख मिरा प्रतिनिधींकडे गेला, म्हणाला किल्ला देऊ या. प्रतिनिधी म्हणाले, नाही. मग शेख मिराने प्रतिनिधींनाच अटकेत टाकलं आणि दरवाजा उघडला.

मी सातवीत होतो तेव्हा आमच्या गुरुजींनी हा प्रसंग सांगितला. फार छान सांगायचे ते. "आणि शेख मिराने..." इथवर आले आणि सबंध वर्गाने माना वळवून माझ्याकडे पाहिलं. वर्गात मी एकटाच होतो. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "तुमचा होता का रे?" हसले सगळे. गुरुजींनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं पण पुढे गेले. पंधरा मिनिटांपूर्वी धनाजी जाधव सेनापती असून रणांगणात बाजू बदलून गेले होते. तेव्हा कुणी वर्गातल्या जाधवाकडे मान वळवली नव्हती. मलाही तेव्हा ते सुचलं नाही. घरी आलो आणि कित्येक वर्षं शेख मिराचा मला राग होता. याने कशाला मधे यावं, असं वाटायचं.

मोठेपणी नोकरीला लागल्यावर, स्वतःला दोन मुलं झाल्यावर, तो प्रसंग पुन्हा वाचला. आणि पहिल्यांदा लक्षात आलं की त्यात तोफेच्या तोंडाशी बांधायला आणलेली पोरं आहेत. शेख मिराला कुणी पैसे दिले नव्हते, जहागिरीचं आमिष आधी दाखवलं नव्हतं. त्याच्या इमानाची परीक्षा घेतली ती अशा जागी, जिथे मी तरी नापास झालो असतो. आणि ही धमकी देणारा कोण? ज्याची स्वतःची आई, बायको, भाऊ त्या क्षणी दुसऱ्याकडे ओलीस आहेत तो. शाहू महाराज पुढे दयाळू म्हणून नावाजले, पारदचं पोर त्यांनी उचललंच होतं. त्याच माणसाने वाईची पोरं पकडली. आधीच्या एका भाषणात मी हे म्हटलं तेव्हा एक गृहस्थ रागावले होते. रागवा, पण दोन्ही पोरं एकाच प्रवासातली आहेत, अवघ्या काही महिन्यांच्या अंतराने.

प्रतिनिधी बंदिवासात गेले. शेख मिराला नंतर शाहूंनी इनाम दिलं, मान दिला. बक्षीस नंतर मिळालं म्हणून काम बक्षिसासाठीच केलं होतं असं होत नाही, पण लोक तसंच लिहितात.

आणखी एक बघा. तीन अधिकारी असलेल्या किल्ल्यात, आणि आत स्वतः प्रतिनिधी बसलेले असताना, एकटा हवालदार दरवाजा उघडू शकत नाही. बाकीच्यांनी त्याला थांबवलं नाही म्हणूनच तो उघडला. खेडच्या बातम्या किल्ल्यात पोचल्या होत्या, सेनापती गेला होता, सचिव मेला होता. त्या रात्री साताऱ्याच्या तटावरचा प्रत्येक पहारेकरी मनातल्या मनात बलाबल मांडत असणार. नाव मात्र राहिलं एकट्या शेख मिराचं.

पुढचं थोडक्यात. ताराबाई संपल्या नाहीत. साताऱ्याला एक गादी आणि कोल्हापूरला एक, असे दोन भाग झाले. त्यांना १७१४ मध्ये त्यांच्या सवतीने, राजसबाईंनी, कोल्हापुरात बाजूला सारलं. वारणेचा तह झाला १७३१ ला. नंतर त्या साताऱ्याला, त्याच पुतण्याच्या आश्रयाला येऊन राहिल्या, आणि त्यांच्यामागेही बारा वर्षं जगल्या. १७६१ मध्ये वारल्या तेव्हा पानिपत होऊन गेलं होतं. शाहूंचंही बघा, रिकाम्या खुर्च्यांच्या बळावर ते जिंकले, पण मग खुर्च्या वाटाव्याच लागल्या. वऱ्हाड भोसल्यांना, अमुक याला, तमुक त्याला. राजा साताऱ्यात बसला आणि राज्य सरदारांकडे, पेशव्यांकडे गेलं. झुल्फिकार खानाचा डाव मात्र अर्धाच साधला. मराठे आपसात लढले खरे, पण त्याचा आझमशाह त्याआधीच मेला होता.

आता या मुलाचा प्रश्न. अपन किसके साथ थे.

नावं मोज. शाहूंना सोडा म्हणणारा झुल्फिकार खान. त्यांना माया लावणारी झीनतुन्निसा. ताराबाईंची तारीफ लिहून ठेवणारा खाफीखान. ताराबाईंचा किल्ला सांभाळणारा आणि मग शाहूंना देणारा शेख मिरा. तख्तासाठी आपसात लढणारे औरंगजेबाचे मुलगे. यांना एका रांगेत उभं करून बघ, तुला दोन माणसंही एका बाजूची सापडणार नाहीत. "अपन" नावाची बाजू त्या साली अस्तित्वातच नव्हती, जशी "मराठे" नावाचीही एक बाजू नव्हती. वाईला शेख मिराच्या बायकोला कुणी विचारलं असतं की तू कुणाच्या बाजूची, तर तिने बहुधा पोरांकडे बोट दाखवलं असतं.

एक शेवटचा कागद सांगतो आणि थांबतो, कारण चहा आलेला दिसतोय.

पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी साताऱ्याचं छोटं राज्य ठेवलं आणि १८२० मध्ये तिथल्या सहा जहागीरदारांशी वेगवेगळे करार केले. फलटणचे निंबाळकर आणि जतचे डफळे हे दोघे. उरलेले चार ऐका. अक्कलकोटकर, म्हणजे पारदच्या गढीतल्या त्या तान्ह्या पोराचं घर. पंत सचिव, म्हणजे शपथेपायी जीव दिलेल्या शंकराजींचं घर. पंत प्रतिनिधी, म्हणजे साताऱ्याच्या किल्ल्यात ज्यांना कोंडलं त्यांचं घर. आणि शेख मिरा वाईकर, म्हणजे ज्याने कोंडलं त्याचं घर. एकशे बारा वर्षांनी चौघांची नावं एका यादीत, शेजारी शेजारी.

प्रश्न विचारायचे असतील तर चहा घेताना विचारा. मुलींनी आधी, मागच्या वेळी त्यांना वेळच मिळाला नव्हता.